भिंतीच्या आधी पाणलोट

ऑगस्ट 2020 मध्ये चोवीस तासांत इंदूरवर दहा इंचांहून जास्त पाऊस कोसळला. वर्षभराच्या सरासरीचा जवळजवळ चौथा हिस्सा. नाले फुगले, सखल वस्त्यांत पाणी शिरलं. अशा पावसानंतर मागणीही ठरलेली असते: नदीला भिंत बांधा. भिंत डोळ्यांना दिसते, शिवाय तिचं उद्घाटनही करता येतं.

इंदूरमधल्या स्नेहलतागंजासारख्या जुन्या, दाट वस्तीच्या भागासाठी पूरसंरक्षण आखायचं, तर हिशेब नदीकाठावरून नव्हे, उताराच्या वरच्या टोकापासून मांडावा लागतो. इंदूरच्या कान्ह आणि सरस्वती या काही मोठ्या नद्या नाहीत. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी त्या एकत्र येतात आणि तिथून कान्ह उत्तरेला उज्जैनजवळच्या क्षिप्रेकडे जाते. सांगलीत कृष्णा हळूहळू चढते, त्यामुळे सामान हलवायला थोडी सवड मिळते. छोट्या पाणलोटाची नदी तासा-दोन तासांत अंगावर येते.

एक चौरस किलोमीटर जमिनीवर ताशी 50 मिलिमीटर पाऊस पडतोय असं धरा. शेती-माळरान असेल आणि पावसातला तीस टक्के भाग वाहून येत असेल, तर सेकंदाला सुमारे चार घनमीटर पाणी नाल्यात उतरतं. त्याच जागी काँक्रीटचे रस्ते आणि फरसबंद अंगणं आली आणि ऐंशी टक्के पाणी वाहू लागलं, तर आकडा अकरावर जातो. पाऊस तोच, नालाही तोच. शिवाय तो नाला मधल्या काळात बहुधा अरुंद झालेला असतो.

भिंतीची खरी परीक्षा तिच्या पोटातल्या पाइपांपाशी होते. वस्तीतलं पावसाचं पाणी याच तोंडांतून नदीत पडतं. नदी चढली की ती याच वाटेने उलटी आत येते आणि भिंत कोरडी राहून गल्ली बुडते. म्हणून तोंडाला एकतर्फी झडप बसवतात. पण झडप मिटली की आत पडणारा पाऊस आतच साचतो, म्हणजे पंप आले, पंपांना जनरेटर आला, आणि पुराच्या रात्री तो चालू करायला माणूसही आला. झडपेत प्लास्टिकची एक पिशवी अडकली तरी ती नीट मिटत नाही.

भिंत किती उंच हवी, हा प्रश्न ‘शंभर वर्षांचा पूर’ या शब्दांनी गढूळ होतो. तो शतकातून एकदाच येतो असं मुळीच नाही. दर वर्षी त्याची शक्यता एक टक्का असते. तीस वर्षं कर्ज फेडत राहणाऱ्या घरमालकासाठी ती एकंदर सव्वीस टक्क्यांवर जाते. महाराष्ट्रात पंचवीस वर्षांच्या पुराची निळी आणि शंभर वर्षांच्या पुराची लाल रेषा नकाशावर आखतात. रेषा आखणं सोपं, पण निळ्या रेषेच्या आतलं बांधकाम रोखताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

इंदूरकडे याबाबतीत जुना वारसा आहे. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने 1918 मध्ये होळकर दरबाराला दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेगच्या काळात दिवाळीची मिरवणूक काढून तीत उंदराचा पुतळा मिरवणारा हा गृहस्थ. आधी गल्लीबोळ पायी हिंडून पाहायचे आणि मग आराखड्याला हात घालायचा, अशी त्याची रीत. नदी स्वच्छ करून काठाने बागा कराव्यात, असं त्याने सुचवलं होतं. बाग चार तास पाण्याखाली गेली तरी फारसं बिघडत नाही. घराचं तसं नसतं.

पुराच्या पाण्याला अशीच जागा करून देण्यासाठी नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथे वाल नदीचा बांध चक्क 350 मीटर मागे सरकवून शेजारी नवा प्रवाह खणला. त्यासाठी घरं हलवावी लागली. दाट वस्तीत एवढी जागा कुठली? पण वरच्या अंगाला मोकळी मैदानं आहेत, सिरपूर-बिलावलीसारखे होळकरकालीन तलाव आहेत. तलावात पोकळी असेल तर पुराचा माथा कापला जातो. मात्र उन्हाळ्याच्या धास्तीने तलाव काठोकाठ भरलेला हवा असतो. किती पोकळी ठेवायची आणि ती कोणत्या महिन्यापर्यंत, हे आराखड्यात आधीच लिहून ठेवावं लागतं. नाहीतर हा वाद ऐन पावसात, सांडव्यावर उभं राहून घालावा लागतो.