छोट्या टेंपोतून पॉवर टिलर नेताना

मृग नक्षत्र लागण्यापूर्वीच्या आठ-दहा दिवसांत कोकणातील कोणत्याही रस्त्यावर उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. लहानसा टेंपो, त्याच्या हौद्यात तिरपा बसविलेला पॉवर टिलर, सुंभाचे दोन वेढे देऊन त्याची केलेली नाममात्र बांधणी आणि त्याच्या मुठी धरून बसलेले दोघे-तिघे तरुण. डोंगरउतारावरील लहान खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही. वर्षभर बैलजोडी पोसणे पुष्कळांस परवडेनासे झाले आहे. त्यामुळे १९६० च्या दशकात जपानी धर्तीवर आपल्या देशात आलेले हे दोन चाकांचे यंत्र आज कोकणच्या चिखलणीचा मोठा आधार झाले आहे. परंतु यंत्र एक आणि खाचरे मात्र चार वाड्यांत विखुरलेली, अशी बहुतेक ठिकाणची स्थिती असते. साहजिकच भाड्याने दिला जाणारा टिलर एका हंगामात कित्येक वेळा वाहनात चढतो आणि उतरतो.

यंत्र शेतात कसे चालवावे, हे विक्रेता दाखवितो. ते वाहनात कसे चढवावे, हे मात्र क्वचितच कोणी शिकविते. काही वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीत प्रस्तुत लेखकाच्या डोळ्यांदेखत जे घडले, ते येथे सांगणे अवश्य वाटते. आदल्या रात्री पाऊस झाला होता. आंब्याच्या दोन ओल्या फळ्या फाळक्याला टेकवून टिलर वर घेण्याचे काम चालू होते. यंत्र निम्म्यावर पोहोचले आणि चाके जागीच फिरू लागली. चालविणाऱ्या तरुणाने शेतातील सवयीप्रमाणे क्लचचा दांडा ओढला. त्यासरशी इंजिनाची चाकांवरील पकड सुटली आणि ते सारे धूड मागे आले. मागे तोच उभा होता. त्याच्या मांडीचे हाड मोडले. त्या घरची लावणी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उरकली, पण त्याच्या हातची काठी दिवाळीपर्यंत सुटली नाही. टेंपो अद्याप जागचा हललाही नव्हता. आपण रस्त्याला, घाटाला आणि वळणांना भितो. पण या कामातील खरा धोका फळीवरच्या त्या अर्ध्या मिनिटात असतो.

१२-१३ अश्वशक्तीच्या टिलरचे वजन रोटरीसह साधारणतः ४०० ते ५०० किलो भरते, म्हणजे एखाद्या थोराड बैलाएवढे. बैल आपल्या पायांनी चढतो, यंत्राला चढवावे लागते, एवढाच काय तो फरक. हौदा जमिनीपासून ७५ सें.मी. उंच आहे आणि यंत्र ४५० किलोंचे आहे असे धरू. फळी दीड मीटर लांब असेल, तर यंत्राला उतारावरून मागे ओढणारा जोर २२५ किलो होतो. तेच फळी तीन मीटरांची घेतली, तर हा जोर निम्म्यावर, म्हणजे ११२ किलोंवर येतो. घरात आखूड फळी पडून आहे म्हणून तीच वापरणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे.

त्याहूनही उत्तम उपाय म्हणजे चढच न ठेवणे. कोकणात उंच बांध, मेर आणि रस्त्याकडेची दरड यांना तोटा नाही. हौद्याच्या उंचीचा पक्का बांध पाहून टेंपो त्याला पाठीमागून भिडवावा, मधली फट जाड फळीने सांधावी आणि टिलर सपाटीवरून आत घ्यावा. अशी जागा नसेल तेथे वाडीच्या तोंडाशी जांभ्याच्या चिऱ्यांचा कट्टा बांधता येतो. पुढील बाजू हौद्याइतकी उंच व सरळ, मागील बाजूस चार मीटर लांबीचा मुरूम ठोकून केलेला उतार, आणि रुंदी दोन मीटर, एवढे पुरे. वाहनांच्या हौद्यांची उंची थोडीफार कमीजास्त असते, पण वीतभर फरक फळी सांभाळून घेते. याच कट्ट्यावरून पुढे खताची पोती चढतील, आंब्याच्या पेट्या चढतील आणि गुरेही चढतील. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ग्रामसभेपुढे हा विषय मांडावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

फळ्यांवाचून गत्यंतर नसेल, तर त्या नीट निवडाव्यात. वरच्या टोकाला लोखंडी आकडा हवा आणि तो हौद्याच्या काठात अडकला पाहिजे. चाकाने रेटा दिला की मोकळी फळी मागे सरकते आणि यंत्र जमिनीवर कोसळते. उघडलेल्या फाळक्यावर फळ्या टेकवू नयेत, कारण त्याच्या बिजागऱ्या व साखळ्या एवढ्या भारासाठी नसतात. दोन चाकांसाठी दोन फळ्या सारेच लावतात. चालविणाऱ्याच्या पायांसाठी मधली तिसरी फळी मात्र कोणी लावीत नाही. यंत्राचे तोंड वर जाऊ लागले की मुठी खाली येतात, माणूस वाकतो आणि ऐन वेळी त्याला जमिनीवरून हौद्यात उडी घ्यावी लागते. तिसरी फळी असली की तो सरळ चालत वर जातो.

चढविण्यापूर्वी चिखलणीची लोखंडी चाके काढून रबरी चाके बसवावीत. लोखंडी चाके फळीवर घसरतात. यंत्र स्वच्छ धुवावे. ओला चिखल फळीला बुळबुळीत करतो, हे एक कारण; आणि त्याच चिखलातून एका गावचे तणाचे बी दुसऱ्या गावच्या खाचरात जाते, हे दुसरे. टेंपोचा हातब्रेक ओढून, गिअर टाकून त्याच्या चाकांना उटी लावावी, कारण मागच्या काठावर भार येताच हलके वाहन पुढून उचलले जाते.

चढताना यंत्र पुढील पहिल्या गिअरमध्ये ठेवावे, उतरविताना मागच्या गिअरमध्ये. म्हणजे दोन्ही वेळा यंत्राचे तोंड हौद्याकडेच राहते. फळीवर असताना गिअर बदलू नये व क्लचला हात लावू नये. वळणाच्या मुठी दाबण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. सपाटीवर डावी मूठ दाबली की यंत्र डावीकडे वळते. पण उतारावर खाली येताना मूठ दाबलेले चाक मोकळे सुटून अधिक वेगाने धावते आणि यंत्र नेमके उलट दिशेला जाते. मुरलेले चालकही येथे फसतात. म्हणून फळीवर पाय ठेवण्यापूर्वीच यंत्र सरळ रेषेत आणावे. मध्येच इंजिन बंद पडले, तर गिअर तसाच राहू द्यावा. इंजिनातील दाबामुळे चाके बरीचशी अडून राहतात. मग बाजूने उटी सरकवून, पुढून दोर बांधून यंत्र सावकाश खाली घ्यावे. मागे कोणीही उभे राहू नये आणि हातांनी रेटून धरण्याचा पराक्रम कोणी करू नये.

मजबूत कप्पी व दोर असेल, तर इंजिन बंद ठेवूनही यंत्र वर ओढता येते. कप्पी यंत्राच्या पुढील कडीला अडकवावी, दोराचे एक टोक हौद्याच्या पुढील पक्क्या कडीला बांधावे आणि दुसरे टोक ओढावे. ओढ निम्म्यावर येते. तीन मीटरांच्या फळीवर घर्षण सोडून ती साठ किलोंच्याही आत बसते. दोघे जण ओढतात, तिसरा बाजूने उटी सरकवीत राहतो. वेळ थोडा अधिक लागतो, इतकेच.

आता हौद्यातील जागेविषयी. लोक ज्याला ‘छोटा हत्ती’ म्हणतात, त्या २००५ साली बाजारात आलेल्या टेंपोच्या पुढील व मागील चाकांत २१० सें.मी. अंतर आहे. ४५० किलोंच्या यंत्राचा भार मागील आसाच्या ३० सें.मी. मागे पडला, तर पुढील चाकांवरचे सुमारे ६४ किलो वजन कमी होते. घाटाच्या चढणीवर सुकाणू हलके लागते ते यामुळे. यासाठी इंजिनाची जड बाजू केबिनकडे घेऊन भार मागील आसाच्या पुढे ठेवावा. मुठी फाळक्याबाहेर येत असतील, तर अधिक लांब हौद्याचे वाहन करावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात असा बाहेर डोकावणारा माल नेल्यास २०,००० रुपये दंड सांगितला आहे. त्यापुढे जादा भाडे काहीच नाही.

बांधणीचा हिशेबही एकदा डोळ्यांपुढे आणावा. जोराचा ब्रेक लागला की मालावर पुढे जाण्याचा रेटा त्याच्या वजनाच्या आठ दशांशापर्यंत येऊ शकतो, असे धरण्याची पद्धत आहे. वळणावर बाजूचा रेटा वजनाच्या निम्मा धरतात. म्हणजे आपल्या यंत्राला पुढे ३६० आणि बाजूला २२५ किलो. सुंभाच्या दोन वेढ्यांचे हे काम नव्हे. भारक्षमता छापलेले, खटक्याने आवळण्याचे चार पट्टे घ्यावेत आणि ते चार कोपऱ्यांतील कड्यांना ताणून बांधावेत. पट्टा यंत्राच्या सांगाड्यावर पडावा. मुठींवर किंवा दांड्यांवर बांधला तर ते वाकतात आणि गाठ सैल होते. नायलॉनचा दोर भिजला की ताण खातो, हे पावसाळ्यात विसरू नये. चाकांपुढे व मागे लाकडी उटी खिळ्यांनी पक्की करावी. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत. रबरी चाके बसकण घेतात, त्यामुळे पहिली आवळणी हमखास सैल पडते.

हौद्यात माणसे बसवू नयेत. यंत्राचे ४५० किलो आणि चार माणसांचे २४० किलो मिळून ६९० किलो झाले. लोखंडी चाके, नांगर व डिझेलचा डबा अजून धरलेलाच नाही. पाऊण टनाच्या वाहनाची मर्यादा तेथेच गाठली जाते. शिवाय पट्टा तुटला, तर यंत्र आणि फाळका यांच्यामध्ये प्रथम सापडतो तो माणूस. मुठी धरून बसल्याने यंत्र स्थिर राहते ही समजूत अगदी निराधार आहे.

निघण्यापूर्वी डिझेलची तोटी बंद करावी व टाकी काठोकाठ भरू नये. बहुतेक टिलरांच्या हवा गाळणीच्या तळाशी तेल असते. चढउतारात यंत्र कलले की ते सांडते किंवा इंजिनाकडे ओढले जाते. म्हणून खाचराशी उतरल्यावर यंत्र सपाट जागी दहा मिनिटे उभे ठेवावे, गाळणीची वाटी उघडून तेलाची खूण पाहावी, इंजिनाचे तेल तपासावे, चाकांचे बोल्ट आवळावेत आणि मगच तोटी उघडून इंजिन सुरू करावे.