डब्यात काय आणि मनात काय?

बिस्किटांचा डबा तीन वर्षांच्या मुलासमोर ठेवा आणि विचारा, "आत काय असेल?" उत्तर ठरलेलं: "बिस्किटं!" झाकण उघडलं की निघतो सुईदोरा. डबा बंद करून पुन्हा विचारा, "आजीनं हा डबा उघडलेलाच नाही. तिला आत काय आहे असं वाटेल?" या वयाची बहुतेक मुलं म्हणतात, "सुईदोरा." मघाशी तुला स्वतःला काय वाटलं होतं, असं विचारलं तरी बहुधा तेच उत्तर येतं. मूल खोटं बोलत नसतं. जे खरं आहे तेच सगळ्यांच्या मनात असणार, असं ते धरून चालतं.

हायन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये, एका मुलाच्या नकळत दुसऱ्या जागी हलवलेल्या चॉकलेटची गोष्ट सांगून मुलांची ही समज तपासली. २००५ मध्ये कॅनडा, भारत, पेरू, सामोआ आणि थायलंडमधल्या मुलांवर अशीच चाचणी झाली. पाचही ठिकाणी पाचव्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं बरोबर उत्तर देऊ लागली. मनातलं आणि बाहेरचं वेगळं असू शकतं, हे उमगणं ही वस्तुनिष्ठतेची पहिली पायरी. आपलीही समजूत चुकू शकते, हे ज्याला कळलं त्यालाच ती पडताळून पाहावीशी वाटते.

या पायरीवरून पुढे कसं जायचं, याचा एक धडा वर्ध्यात आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन समितीनं अभ्यासक्रम आखला आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याची, शाळा उभी राहिली. तिथे गणित सूतकताईतून शिकायचं. सूत किती निघेल याचा अंदाज कुणीही करावा. खरं-खोटं तार मोजल्यावरच ठरतं. पेळू (कातण्यासाठी पिंजलेल्या कापसाची वळी) नीट नसेल तर धागा तुटणार, मग कातणारा गुरुजी असो की विद्यार्थी. २००५ पासून सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेनं ही परंपरा पुन्हा सुरू केली आहे.

घरात 'वाटतं', 'माहीत आहे', 'विसरले' अशा शब्दांत मनाबद्दल बोलणं होत असेल, तर मुलांना इतरांच्या समजुती लवकर उमगतात, असं अभ्यास सांगतात. म्हणून मूल चुकलं की लगेच उत्तर सांगू नका. "तुला असं का वाटलं?" असं आधी विचारा आणि मग "चल, मोजून बघू" म्हणा.