विकीचं पुस्तक करताना

बाबांना मराठी विकिपीडियावरचे किल्ल्यांचे लेख कागदावर हवे होते. मला वाटलं, त्यात काय, १२ लेख जोडायचे आणि पीडीएफ काढायची. पहिल्या प्रिंटच्या अनुक्रमणिकेत ‘इतिहास’ १२ वेळा, आणि राजगडाचं नाव कुठेच नाही!

कारण विकीत लेखाचं नाव मजकुराच्या बाहेर असतं. आतली शीर्षकं दुसऱ्या पातळीपासून सुरू होतात. मग नावांची यादी केली, क्रम लावला. किल्ल्याचं नाव म्हणजे प्रकरण, ‘इतिहास’ त्याच्या पोटात. पॅनडॉकने विकीटेक्स्टचं लाटेक करून दिलं, पण साचे काही उघडले नाहीत, म्हणजे उंची, चढाईची श्रेणी असलेली माहितीचौकट गायब. शेवटी तयार एचटीएमएलच घेतलं. जोडाक्षरं फुटू नयेत म्हणून झीलाटेक.

खरी डोकेदुखी दुव्यांची. कागदावर ‘तोरणा’वर बोट दाबून काय होणार? तोरणा पुस्तकात असेल तर ‘पान ३४ पाहा’, नसेल तर नुसता शब्द. पानाचा आकडा लाटेकच काढतं, पण दोनदा चालवा हं, पहिल्या फेरीत प्रश्नचिन्हंच येतात.

आणि शेवटी परवाना, लेखांचे दुवे, लिहिणाऱ्यांची सदस्यनावं. मजकूर फुकट असला तरी श्रेय द्यावंच लागतं. बाबांनी नेमकं तेच पान आधी उघडलं. म्हणाले, “एवढ्या लोकांनी लिहिलंय होय रे हे?”