चौकट : अन्य क्षेत्रातून आयटीकडे

शिक्षणाच्या वाटा

• १९८८मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या केंद्रीय संस्थेचा प्रगत संगणनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सुमारे सहा महिन्यांचा व पूर्णवेळ असून, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन यंत्र किंवा स्थापत्य अभियंत्यांना, तसेच गणितातील पदव्युत्तर पदवीधारकांनाही त्यात प्रवेश घेता येतो.

• एमसीए ही पदव्युत्तर पदवी २०२०-२१पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली.

• २००१मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आहे. ती प्रोग्रॅमरची पात्रता नव्हे.

पूर्वानुभवाचे मोल

• व्यवसाय-विश्लेषण, म्हणजे ग्राहकाची गरज तंत्रज्ञांसाठी नेमक्या शब्दांत मांडणे, या कामात बँक, विमा वा रुग्णालयातील अनुभव थेट उपयोगी पडतो.