संपायच्या आत पोहोचायचं

१ सप्टेंबर १९९९ रोजी टेक्ससमधल्या लॉकहार्ट गावात धगधगत्या निखाऱ्यांनी भरलेला एक टब भर रस्त्यावरून ओढत नेला गेला. कारण घरातली वाटणी. क्राइट्झ मार्केट हे १९०० पासूनचं खाटकाचं दुकान. तिथेच वर्षानुवर्षं राबलेल्या एडगर 'स्मिटी' श्मिट यांनी ते १९४८ मध्ये विकत घेतलं. पुढे धंदा गेला मुलांकडे आणि जागा मिळाली मुलीला. असल्या वाटणीचं काय होतं ते मराठी वाचकाला सांगायला नको. भाडेकरारावरून बिनसलं. मुलांपैकी रिक श्मिट यांनी नाव आणि धंदा उचलला, गावाच्या उत्तरेला हमरस्त्यालगत गोदामाएवढी इमारत बांधली आणि जुन्या भट्टीतला विस्तव तेवढा सोबत नेला. बहीण नीना सेल्स यांनी जुन्या जागेत वडिलांच्या नावानं स्मिटीज मार्केट सुरू केलं. भाऊबंदकीतून गावाचं भलं झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. त्याच वर्षी टेक्ससच्या प्रतिनिधिगृहानं लॉकहार्टला राज्याची बार्बेक्यूची, म्हणजे धुरावर भाजलेल्या मांसाची, राजधानी ठरवून टाकलं.

या मागोव्याची सुरुवात त्या टबापासून करतो, कारण त्याच सुमारास ऑस्टिनला संगणकाच्या नोकऱ्यांवर आलेल्या आमच्यासारख्यांनी सायकली घेतल्या. सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर पडायचं, आजूबाजूच्या गावांपैकी एखाद्या गावात जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत घरी. एल्गिन चाळीसेक किलोमीटर, लॉकहार्ट आणि टेलर पन्नासच्या आसपास, ल्युलिंग लॉकहार्टच्याही पुढे पंचवीस. लॉकहार्टची फेरी विशेष सोयीची, कारण उन्हाळ्यात इथला वारा बहुतेक दक्षिणेकडून येतो. जाताना छातीवर घ्यायचा, येताना भरल्या पोटी पाठीवर.

रस्ते म्हणजे फार्म-टू-मार्केट, शेतमाल बाजारात न्यायला बांधलेले. १९४९ च्या एका कायद्यानं त्यांना पैसा मिळाला आणि राज्यभर त्यांचं जाळं झालं. बहुतेक ठिकाणी डांबर फवारून वर बारीक खडी दाबलेली. मोटारींच्या चाकांनी त्यात दोन गुळगुळीत पट्टे पडलेले असतात; त्या पट्ट्यावरून सायकल काढली तर ठीक, नाहीतर तासाभरात हाताची बोटं बधिर होतात. कडेला सराटे. आपल्याकडचेच, वनस्पतिशास्त्रातही तीच ती ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. लघवीच्या औषधात गोखरू म्हणून जे जातं तेच इथे ट्यूबमध्ये जातं. शिवाय न बांधलेली कुत्री. ती अंगावर आली की सायकलवरून उतरून सायकल मध्ये धरायची, हे इथे सगळ्यांनाच कधी ना कधी शिकावं लागतं.

टेलरच्या वाटेवर पहिल्यांदा पावसानंतर कडेला उतरलो तेव्हा बुटाला चिखलाचे गोळे चिकटले. आमच्यातला यवतमाळचा मित्र खाली वाकून बघत म्हणाला, "अबे, हे त आपलंच वावर हाय." खरंच तसं आहे. ऑस्टिनच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण पसरलेली ब्लॅकलँड प्रेअरी म्हणजे काळी, चिकट, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी कापसाची जमीन. 'ह्यूस्टन ब्लॅक' ही तिथली माती टेक्ससची राज्यमाती मानली जाते. आणि काही किलोमीटर आणखी पूर्वेला गेलं की चढ-उतारावर माती अचानक फिकट, वाळूसर होते आणि पोस्ट ओकची राई लागते. मोटारीतून हा बदल कळतही नाही. सायकलवर मात्र चढ बदलतो, सावली येते, वास बदलतो.

या गावांमधलं बार्बेक्यू समजायला मला पाककृतींपेक्षा ही सीमारेषा जास्त उपयोगी पडली. एका बाजूला कापूस, म्हणजे हंगामात वेचणीला आलेले शेकड्यांनी मजूर. दुसऱ्या बाजूला मंद, स्वच्छ जळणारं ओकचं लाकूड. मध्ये जर्मन आणि चेक खाटकांची दुकानं. न विकलं गेलेलं मांस फुकट जाऊ नये म्हणून हे खाटीक ते धुरावर भाजत, उरलंसुरलं दळून सॉसेज करत. वेचणीवाले बहुतेक कृष्णवर्णीय नाहीतर मेक्सिकन; त्या काळच्या हॉटेलांत त्यांना बसायला मज्जाव. खाटकाच्या दुकानात मात्र त्यांचे पैसे चालत. मांस वजनावर तोलून तपकिरी कागदात गुंडाळून मिळायचं, फडताळावरची खारी बिस्किटं सोबत घ्यायची आणि बाहेर उभ्यानं खायचं. आज त्याच कागदाचे फोटो जगभर फिरतात, काटे-चमचे न देणं ही शान मानली जाते. ज्यांच्यामुळे ही रीत पडली त्यांना त्यात शान वाटण्यासारखं काही नव्हतं. पुढे कापूस वेचणारी यंत्रं आली, मजूर पांगले, कागद राहिला.

आम्ही जायला लागलो तेव्हाही ही दुकानं मुळात कामकऱ्यांचीच होती. स्मिटीजमध्ये मागच्या दारानं शिरलं की पहिली धग नडग्यांना लागते, कारण विटांच्या लांब भट्टीच्या टोकाला जाळ चक्क जमिनीवर पेटलेला असतो, मध्ये ना जाळी ना कठडा. भिंती शंभर वर्षांच्या धुरानं काळ्या कुळकुळीत. बाहेर चाळीस अंश तापमान, आत त्याहून जास्त, आणि तिथे रांगेत उभं राहायचं. भट्टीवरचं लोखंडी झाकण साखळीनं वर जातं, धूर उसळतो, पुढचा माणूस काट्यानं तुकडा उचलून ठोकळ्यावर टाकतो, किती पाहिजे ते तुम्ही बोटानं दाखवायचं. सुरी खाली येते, वजन होतं, कागदाची घडी पडते, "ब्रेड की बिस्किटं?" एवढाच प्रश्न. मग ते गाठोडं घेऊन आतल्या दालनात, जिथे बटाट्याचं सॅलड, कांदा, लोणच्याची काकडी आणि थंड पेयांची वेगळी रांग. दुपारचे दोन वाजलेले असोत की साडेतीन, काही ना काही मिळायचंच.

हे बहुतेक गोमांस, हे वेगळं सांगायला हवं. आमच्यातले काही ते खातात, काही टर्की किंवा डुकराच्या बरगड्यांवर भागवतात. एक शुद्ध शाकाहारी आहे. राजम्यासारख्या दिसणाऱ्या शेंगदाण्याच्या रंगाच्या बीन्स त्यानं आनंदानं मागवल्या, तर त्यातही डुकराची चरबी निघाली. तेव्हापासून त्याचं जेवण म्हणजे पांढरा ब्रेड, कच्चा कांदा, लोणचं, आणि शेवटी ब्लू बेलचं आइस्क्रीम. गंमत म्हणजे परतीच्या चढावर तोच सगळ्यांत पुढे असतो. ब्रिस्केटसारखं चरबीदार मांस खाऊन उन्हात पन्नास किलोमीटर सायकल मारणं हा वेडेपणाच आहे. सॉसेजचं एक कडं आणि बिस्किटं, हे सायकलवाल्याचं खरं माप.

टेलरला लुई म्युलरचं दुकान १९४९ चं, १९५९ पासून एका जुन्या व्यायामशाळेत. छत उंच, भिंती धुरानं मधाच्या रंगाच्या, आणि एका भिंतीवर गिऱ्हाइकांनी टोचलेली व्हिजिटिंग कार्डं. जुनी कार्डं पार तपकिरी, अलीकडची अजून पिवळट. लुईंचे चिरंजीव बॉबी म्युलर यांना २००६ मध्ये जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला, तरी बुधवारी दुपारी तिथे ट्रॅक्टरवाले आणि शाळामास्तरच जेवताना दिसायचे. बॉबी २००८ मध्ये गेले, मुलगा वेन यानं गादी सांभाळली.

त्याच २००८ मध्ये सगळं हललं. 'टेक्सस मंथली' हे मासिक काही वर्षांनी एकदा राज्यातल्या उत्तम बार्बेक्यूची यादी काढतं. १९९७ आणि २००३ च्या याद्यांत ओळखीची नावं होती. २००८ ला पहिला क्रमांक गेला लेक्सिंग्टनच्या स्नोज बीबीक्यूला. गाव जेमतेम बाराशे वस्तीचं, दुकान २००३ मध्ये उघडलेलं, फक्त शनिवारी सकाळी आठला सुरू होणारं. भट्टीवर टूट्सी टोमानेट्झ, जन्म १९३५, आठवडाभर शाळेत देखभालीचं काम करणाऱ्या. गिडिंग्ज गावातल्या भट्टीवर १९६६ पासून हात बसलेला. रात्री दोनच्या सुमारास येऊन त्या विस्तव पेटवायच्या. २०१८ मध्ये बार्बेक्यू हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. आजवर ज्यांचं कौतुक झालं त्यांत त्यांच्याइतकं कुणी त्याला लायक असेल असं मला वाटत नाही.

पण लेक्सिंग्टन आमच्यापासून ऐंशी किलोमीटर. आठच्या आधी रांगेत लागायचं तर सायकलवर मध्यरात्रीनंतर लगेच निघायला हवं. आम्ही आपले उजाडल्यावर निघणारे. जेवणाच्या वेळेला पोहोचावं तर दारावर पाटी: संपलं.

ही पाटी पुढच्या काही वर्षांत सगळीकडे दिसायला लागली. २००९ मध्ये ॲरन फ्रँकलिन यांनी ऑस्टिनमध्ये एका ट्रेलरमधून विक्री सुरू केली आणि पहाटेपासून खुर्च्या टाकून रांगेत बसण्याची पद्धत पडली. २०१३ च्या यादीत ते पहिले. त्यांच्यामुळे ब्रिस्केट हेच बार्बेक्यूचं मुख्य अंग झालं, आणि 'संपलं' या पाटीचं कारणही ब्रिस्केटच. बैलाच्या छातीचं हे मांस कष्टाचं, चिवट. मंद धुरावर बारा-चौदा तास ठेवलं तर त्यातले तंतू विरघळून मऊ होतात. मध्ये एक टप्पा असा येतो की मांसातलं पाणी बाष्प होऊन उडत राहतं, माठासारखं ते स्वतःला गार करतं आणि तास-तास तापमान चढतच नाही. घाई करून भागत नाही. त्यामुळे आदल्या रात्री जेवढं चढवलं तेवढंच. दुपारी कमी पडलं तर नवं चढवून उपयोग नाही. जुन्या लॉकहार्टची रीत वेगळी होती. खांद्याचं मांस चांगल्या जाळावर काही तासांत व्हायचं, सॉसेज त्याहून लवकर, आणि खपलं की पुन्हा टाकलं जायचं. ते दुकान गिऱ्हाइकाची वाट बघायचं. आताच्या दुकानाची वाट गिऱ्हाइकानं बघायची असते. चव सुधारली, यात वाद नाही. २००० साली खाल्लेलं काही ब्रिस्केट चपलेसारखं होतं. पण कधीही पोहोचा, कागदात काहीतरी पडेल, हा भरवसा गेला.

रस्त्यांचंही तसंच झालं. २००९ मध्ये सायकलस्वारापासून ठरावीक अंतर राखून गाडी पुढे काढावी असा कायदा विधिमंडळानं मंजूर केला, गव्हर्नर रिक पेरी यांनी तो नाकारला. त्याच महिन्यात पेरी स्वतः सायकलवरून पडले आणि त्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं! नियती एवढी तत्पर क्वचितच असते. २०१२ च्या ऑक्टोबरात लॉकहार्टजवळून जाणारा टोल रस्ता खुला झाला. त्यावर ताशी ८५ मैल, म्हणजे १३७ किलोमीटरची मुभा, अमेरिकेतली सर्वाधिक. गाडी चालवताना मोबाइलवर संदेश लिहायला राज्यभर बंदी यायला २०१७ चा सप्टेंबर उजाडला. तोवर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी डांबरी रस्ता सोडून जाड टायरच्या सायकली घेतल्या होत्या. आता काउंटीच्या कच्च्या रस्त्यांनी जातो, पांढऱ्या चुनखडीच्या धुळीतून. वेळ जास्त लागतो. अंगावर ट्रक येत नाही.

टेलरजवळ सॅमसंगनं २०२१ मध्ये चिपच्या कारखान्याची घोषणा केली, आणि जिथे मक्याची नि कापसाची काळी शेतं होती तिथे क्रेन उभ्या राहिल्या. आमच्याच धंद्यातली माणसं आता तिथे राहायला जाताहेत, तेव्हा त्याबद्दल गळा काढण्याचा अधिकार आम्हाला नाही. ब्रिस्केट एके काळी खाटकाला खपवावं लागे. आता बऱ्याच ठिकाणी पौंडाला तीस डॉलरच्या पुढे गेलंय. क्राइट्झमध्ये काटे आणि सॉस मिळायला लागले, जे एके काळी भिंतीवर पाटी लावून नाकारले जात. २०२४ च्या नोव्हेंबरात मिशेलिनची टेक्ससमधली पहिली यादी आली आणि चार बार्बेक्यू दुकानांना एकेक तारा मिळाला: तीन ऑस्टिनमध्ये, एक ह्यूस्टनजवळ. जुन्या गावांमधलं एकही नाही. 'टेक्सस मंथली'च्या २०२५ च्या यादीत मात्र पहिला क्रमांक पुन्हा एका लहान गावाकडे आला, सेगिनच्या बर्न्ट बीन कंपनीकडे.

लॉकहार्टमध्ये २०२३ साली बार्ब्ज बीबीक्यू उघडलं. चक चार्निचार्ट ही तरुण मुलगी ते चालवते, आणि मेक्सिकन वळणाची हिरवी स्पगेटी मांसाशेजारी वाढते. पुरुषांच्या आणि वारसदारांच्या या धंद्यात हे व्हायला शंभर वर्षं लागली. आम्ही सायकली टेकवून तिथल्या रांगेतही उभे राहिलो आहोत. नवीन दुकानांत पोहोचायला उशीर होतोच, तेव्हा क्रम ठरलेला: बरगड्यावाले पुढे, ब्रिस्केटवाले मध्ये, आणि शाकाहारी मित्र सगळ्यांत शेवटी. तो म्हणतो, "माझं काय, लोणचं तर अजून कुणाचं संपलेलं नाही."