लसींच्या फ्रीजचा आकडा खरा कशावरून?

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआरचे, म्हणजे लसींच्या फ्रीजचे, तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत नोंदवले जाते. ते २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान हवे, हे तिथल्या प्रत्येकाला पाठ असते. आकडा आत असला की सगळे निश्चिंत. तो आकडा येतो कुठून, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

फ्रीजमधल्या प्रोबच्या टोकाला बऱ्याचदा मोहरीएवढा थर्मिस्टर असतो. त्याला अंशबिंश काही कळत नाहीत. गारव्यात त्याचा विद्युतरोध वाढतो, उष्णतेत कमी होतो, इतकेच. यंत्र तो रोध मोजते आणि आपल्यात साठवलेल्या तक्त्यावरून अंश ठरवते. म्हणजे प्रोब आणि तक्ता एकाच जातीचे हवेत. बाजारात ‘१० के’ या एकाच नावाने निरनिराळ्या जातीचे थर्मिस्टर मिळतात. २५ अंशांना सगळ्यांचा रोध सारखाच, १०,००० ओहम. तिथून खाली-वर जाताना वाटा फुटतात. जात सांगणारा आकडा म्हणजे ‘बीटा’. ३४३५ आणि ३९५० हे त्यातले दोन नेहमीचे.

समजा, ३४३५चा प्रोब तुटला, त्या जागी ३९५०चा लावला आणि तक्ता जुनाच राहिला. गणित करून पाहा: फ्रीज खरोखर १० अंशांवर असताना पडद्यावर ७.९ दिसतील. उलट अदलाबदल झाली तर आत ० असताना ३ दिसतील. मला दुसऱ्या प्रकाराची धास्ती जास्त वाटते. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी यांसारख्या लसी एकदा गोठल्या की त्यांतले ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात आणि लसीची ताकद घटते. कुपीवरचा व्हीव्हीएमचा चौकोन उष्णतेने गडद होतो, गोठल्याचे तो काहीच सांगत नाही. आणि खोलीत, २५ अंशांच्या आसपास, ताडून पाहिले तर दोन्ही प्रोब बरोबरच ठरतात!

तपासणीला येणाऱ्या तंत्रज्ञाच्या कॅलिब्रेटरमध्ये प्लॅटिनमचा पीटी१०० आणि थर्मोकपलच्या ठरावीक जाती आधीपासून भरलेल्या असतात. वेगळ्या प्रोबसाठी ‘यूजर सेन्सर’ किंवा ‘कस्टम सेन्सर’ अशी सोय असते. तिथे सेन्सरचे नाव, तापमानाची खालची-वरची मर्यादा आणि उत्पादकाच्या माहितीपत्रातले गुणांक किंवा तापमान-रोधाच्या जोड्या भरायच्या. जोड्या भरताना कंटाळा नको. दोन जोड्यांच्या मधल्या भागात अनेक यंत्रे सरळ रेषा धरतात, थर्मिस्टरचा आलेख मात्र वाकलेला असतो. ३४३५च्या थर्मिस्टरसाठी ० आणि २५ एवढ्या दोनच जोड्या भरल्या, तर खऱ्या ८ अंशांना यंत्र साडेअकरा म्हणेल. ० ते १० अंशांच्या पट्ट्यात प्रत्येक अंशाची जोडी भरलेली बरी. नावही ‘टेस्ट १’ असे देऊ नये, प्रोबचा अनुक्रमांकच नावात घालावा. दोन वर्षांनी माणसे बदललेली असतात.

मग पडताळणी. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडे स्वच्छ पाणी घालून प्रोब बुडवला की ० अंशाचा भरवशाचा बिंदू मिळतो. पण एकाच बिंदूवर थांबू नये. दुसरा ८-१० अंशांजवळ, प्रमाणित तापमापकाशेजारी घ्यावा.

शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची गोष्टही अशीच. त्यात पीटी१०० असतो. त्याचाही ०.००३८५ हा प्रचलित आणि ०.००३९१६ हा जुन्या जपानी पद्धतीचा, असे दोन प्रकार. ० अंशाला दोघांचा रोध १०० ओहम, त्यामुळे बर्फाच्या परीक्षेत दोघेही पास. पण जुना सेन्सर आणि नवा तक्ता अशी जोडी जमली, तर पडद्यावर १२१ दिसताना आत जेमतेम ११९ अंश असतात.

म्हणून कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र हाती आले की मी तारखेआधी दोन गोष्टी पाहतो: सेन्सरची जात कोणती लिहिली आहे आणि तपासणी कोणकोणत्या तापमानाला झाली आहे.