रस्ता अरुंद करावा काय? पॅरडाइज गावची हकीकत

रस्त्याच्या रुंदीचा प्रश्न व्यापारी संस्थांस नवा नाही. इंदूर असो, ग्वाल्हेर असो की बेळगाव, जुन्या पेठेत ज्याचे पिढीजात दुकान आहे त्याने नगरपालिकेच्या माणसास भिंतीवर तांबड्या रंगाची खूण करताना केव्हा ना केव्हा पाहिलेले असते. त्या खुणेपर्यंतचा ओटा, पायऱ्या, क्वचित निम्मे दुकान रस्त्यात जावयाचे असते. मग हरकती, शिष्टमंडळे, कोर्टाची मनाई आणि दोन-तीन निवडणुका त्याच विषयावर होतात. आमच्याकडील भांडणे अशी रुंदीकरणाची. अमेरिकेतील लहान गावांतून मात्र असलेला रस्ता मुद्दाम अरुंद करण्यावरून तितकीच तीव्र भांडणे होत आली आहेत, हे ऐकून आमच्या व्यापारी बंधूंस प्रथम नवलच वाटेल. त्यांपैकी एका गावची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती दूरदेशची असली तरी तीतील प्रश्न आपल्याही पेठेच्या तोंडाशी उभा आहे, असे आम्हांस वाटते.

रुंद रस्त्याच्या मोहाविरुद्ध बोलणारा आपल्याकडे कोणी झालाच नाही असे मात्र नाही. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ साली बडोद्याचा आणि १९१८ साली इंदूरचा अहवाल लिहिला. जुन्या वस्तीच्या छातीतून सरळ रुंद रस्ता काढण्यास त्यांचा विरोध असे. मोडकळीस आलेली थोडी घरे काढावी, गल्लीचे तोंड मोकळे करावे, चौकात झाड लावावे आणि वस्ती जागच्या जागी सुधारावी, ही त्यांची रीत. त्या रीतीचे कौतुक पुष्कळ झाले, अनुकरण फारसे झाले नाही.

अमेरिकेतील प्रकार याहून वेगळा आहे. तेथील गावांचे मुख्य रस्ते मोटारींची संख्या वाढू लागली तसे चौपदरी करण्यात आले, म्हणजे दोन पदर जाण्याचे व दोन येण्याचे. पुढे असे दिसून आले की अशा रस्त्यावर, मध्ये दुभाजक नसेल तर, अपघात फार होतात. तेथे वाहने उजवीकडून चालतात. डावीकडे वळू पाहणारी मोटार भर वेगाच्या पदरातच थांबून राहते आणि मागची तिच्यावर आदळते. पायी रस्ता ओलांडणाऱ्याचा धोका निराळा. पहिल्या पदरातील भला माणूस त्यास वाट देण्यासाठी थांबतो, परंतु त्या थांबलेल्या मोटारीच्या आडून दुसऱ्या पदरातील मोटार येते आणि ती पादचाऱ्यास दिसत नाही. यावर उपाय म्हणून चार पदरांचे तीन करावे, एक जाण्याचा, एक येण्याचा व मधला केवळ वळणाऱ्यांसाठी, अशी कल्पना निघाली. माँटाना राज्यातील बिलिंग्ज येथे १९७९ साली असा बदल झाला. अशा पहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते. उरलेल्या जागेत पदपथ, सायकलींची वाट किंवा गाड्या उभ्या करण्याची सोय करता येते. अमेरिकेच्या मध्यवर्ती महामार्ग खात्याच्या म्हणण्याप्रमाणे अशा बदलाने अपघात १९ ते ४७ टक्क्यांनी घटतात, आणि दिवसाला सुमारे २०,००० पर्यंत वाहने असलेल्या रस्त्यावर वाहतूकही फारशी खोळंबत नाही. तेव्हा ही काही कोणा हौशी मंडळींची लहर नव्हे.

तरीही असा प्रस्ताव येताच गावात दोन तट पडतात, आणि विरोधकांच्या तटात दुकानदार बहुधा पुढे असतात. गिऱ्हाईक मोटारीने येते, रस्ता आवळला की ते दुसऱ्या गावी जाईल, ही त्यांची धास्ती. या बाबतीत आपल्या वर्गाचे थोडे कान उपटणे आम्हांस प्राप्त आहे. इंग्लंडात ब्रिस्टल शहरी २००६ साली एक पाहणी झाली. दुकानदारांनी आपली ४१ टक्के गिऱ्हाईके मोटारीने येतात असा अंदाज दिला. प्रत्यक्ष गिऱ्हाइकांस विचारले तेव्हा तो आकडा २२ निघाला. गल्ल्याचा हिशेब पैपर्यंत ठेवणारा मनुष्य दारात येणाऱ्याच्या वाहनाचा हिशेब असा अंदाजाने करतो! जो मोटारीने येतो तोच मोठे गिऱ्हाईक, ही समजूत आपल्याकडेही कमी नाही. सबब, अरुंदीकरणास होणारा प्रत्येक विरोध शहाणपणाचा असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु पॅरडाइज गावी जो विरोध झाला त्यातील एक मुद्दा दुकानदारीचा नव्हता.

पॅरडाइज हे उत्तर कॅलिफोर्नियातील ब्यूट परगण्यातले गाव. दोन खोल दऱ्यांच्या मधोमध एक लांबट डोंगरसोंड आहे, तिच्या पाठीवर पाइन वृक्षांच्या गर्दीत ते वसलेले. २०१० सालच्या शिरगणतीत लोकसंख्या २६,२१८ होती, आणि तीत नोकरीतून निवृत्त झालेल्या वृद्धांचा भरणा मोठा. गावात घरे झाली ती गल्लीगल्लीने, पुढे वाट नसलेल्या आंधळ्या बोळांतून. खाली मैदानात उतरण्यास दक्षिणेकडे चार रस्ते, आणि त्यांत मुख्य तो ‘स्कायवे’. हाच गावच्या पेठेतून जाणारा हमरस्ता आणि हाच संकटकाळी पळण्याचाही हमरस्ता. आमच्या मते साऱ्या पुढील कथेचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आगीचे भय गावास अपरिचित नव्हते. जून २००८ मध्ये ‘हम्बोल्ट’ नावाने ओळखला जाणारा वणवा गावाच्या वेशीपर्यंत आला. हजारो लोकांस घरे सोडावी लागली, खाली जाणाऱ्या चारपैकी तीन रस्ते आगीमुळे बंद पडले आणि उरलेल्या रस्त्यावर मोटारींची रांग तासन् तास मुंगीच्या पावलाने सरकली. पुढल्या वर्षी परगण्याच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे सरकारी कारभार तपासण्यासाठी नेमलेल्या नागरिकांच्या पंचमंडळाने, बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या असल्याचा स्पष्ट इशारा दिला. गावाने हातावर हात ठेवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. वस्तीचे विभाग पाडण्यात आले, कोणत्या विभागाने केव्हा निघावे हे ठरविण्यात आले, प्रसंगी स्कायवेचे सर्व पदर खाली उतरणाऱ्यांसाठीच एकदिश करावयाचे असा बेत झाला आणि २०१६ साली त्याची तालीमही झाली.

या दोहोंच्या मध्ये, २०१४ साली, पेठेतील स्कायवेचा भाग अरुंद करण्यात आला. चार पदरांच्या जागी दोन पदर आणि मधला वळणाचा, असे त्याचे स्वरूप. हेतू चांगला होता: पायी चालणाऱ्यांस गावच्या पेठेत निर्धास्त फिरता यावे आणि अपघात कमी व्हावे. नगरपरिषदेच्या सभेत त्यावर हरकती आल्या. त्यांत एका वयोवृद्ध बाईंनी सांगितले की मुख्य भय वणव्याचे आहे. गावची वस्ती कमी करावयाची असेल तर हा उपाय नामी आहे. हे बोल सर्वांच्या लक्षात आले ते चार वर्षांनी, वर्तमानपत्रांनी जुनी दप्तरे उकलली तेव्हा.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास पुल्गा या वस्तीजवळ वीज कंपनीच्या उच्च दाबाच्या वाहिनीचा सुमारे शंभर वर्षांचा झिजलेला लोखंडी आकडा तुटला. तार खांबावर आपटली, ठिणग्या खालच्या वाळल्या गवतात पडल्या. पावसाळा लांबलेला, ईशान्येचा वारा सोसाट्याचा. आठ वाजण्याच्या सुमारास ठिणग्या पॅरडाइजच्या पूर्व भागात पडू लागल्या होत्या. विभागवार निघण्याचा बेत काही घटकांतच निरुपयोगी झाला, कारण आग विभागवार आली नाही. एकाच वेळी ती गावात अनेक ठिकाणी पेटली. दूरध्वनीवरील सूचना अनेकांस पोहोचल्याच नाहीत. सारे गाव एकदम रस्त्यावर आले. स्कायवेवर सर्व पदर खाली जाण्यास खुले केले गेले, तरी मोटारी जागच्या जागी थिजल्या. दिवसा अंधार झाला. टायर वितळू लागले तेव्हा कित्येकांनी मोटारी सोडून पायी धाव घेतली. त्या वणव्यात ८५ माणसे मृत्यू पावली, १८,००० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या. वीज कंपनीने २०२० साली न्यायालयात ८४ मृत्यूंबद्दल सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला.

आता प्रश्न असा की, रस्ता अरुंद केल्यामुळे ही माणसे मेली काय? त्या वेळी कित्येकांनी तसे म्हटले. आमच्या मते हे म्हणणे सोपे आहे, म्हणूनच ते जपून तपासले पाहिजे. मृतांपैकी बहुतेक घरात किंवा घराच्या आवारात सापडले. त्यांत वृद्ध आणि अपंग पुष्कळ होते. त्यांच्यापर्यंत सूचना गेली नाही, किंवा गेली तरी त्यांस नेणारा कोणी नव्हता. रस्त्यावर गाठल्या गेलेल्यांतही स्कायवेवरील नव्हे तर आडगल्लीत अडकलेले होते. साऱ्या डोंगरसोंडेवरील, म्हणजे वरच्या मगेलिया गावासह, सुमारे ४०,००० लोक एका सकाळी निघाले, तर चार पदरही पुरले नसते. रस्ता चौपदरीच असता तर अमुक इतके जीव वाचते, असे गणित कोणी मांडले तरी त्यावर आमचा विश्वास बसणार नाही.

परंतु याचा अर्थ त्या वृद्धेचा मुद्दा चुकीचा होता असाही नव्हे. पेठेतील अपघात दरवर्षी मोजता येतात. त्यांची नोंद असते, तक्ता असतो, आणि उपाय केल्यावर संख्या घटली हे पुढील वर्षी दाखविता येते. वणवा दहा वर्षांत एकदा येतो किंवा येत नाही. तक्त्यात त्यासाठी रकानाच नसतो. त्यामुळे सभेत एकीकडे आकडे उभे राहतात आणि दुसरीकडे एका म्हाताऱ्या बाईची भीती. निकाल काय लागणार हे सांगावयास नको. त्या सभासदांस कोणी निष्काळजी म्हणेल तर आम्ही सहमत नाही. त्यांनी रोजच्या दिवसाचा विचार केला आणि रोजच्या दिवसासाठी तो बरोबरच होता. रस्ता लहान करावयाचा तर त्याच ठरावात दुसरी वाट मोठी करावयाची, अशी जोड त्यास हवी होती.

हा विचार आपल्याकडे आणला की प्रथम नजरेस येते ती आपल्याच दुकानापुढील जागा. आमच्या पेठा कोणी अरुंद कराव्या लागत नाहीत. त्या आम्हीच करतो. नकाशावर रस्ता तीस फुटांचा असतो. त्यातून फळीवर मांडलेला माल, पुढे ओढलेला पत्रा, हातगाडी आणि दुतर्फा लावलेल्या दुचाकी वजा केल्या की बंबास जाण्यापुरती वाट राहते किंवा राहत नाही. दिवाळीच्या आठवड्यात, जेव्हा कापडाची गोदामे भरलेली असतात आणि फटाक्यांची दुकाने थाटलेली असतात, तेव्हा ही वाट सर्वांत अरुंद असते. या अरुंदीकरणावर मात्र कोणत्याही सभेत ठराव येत नाही, आणि हरकत घेणारी म्हातारी बाईही नसते.

नगरपालिकेचा आराखडा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला म्हणजे आपल्या संस्था बहुधा दोन मुद्दे लिहून देतात: दुकान किती जाणार आणि मोबदला किती मिळणार. हे मुद्दे रास्तच आहेत. पिढ्यांची कमाई त्या ओट्यावर झालेली असते. त्यांच्याबरोबर तिसरा मुद्दा घालावा, अशी आमची सूचना आहे: आगीचा बंब अमुक गल्लीच्या टोकापर्यंत आज जातो काय, आणि नव्या आखणीनंतर जाईल काय. त्यासाठी इंजिनियर लागत नाही. अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यास सणाच्या दिवसांत एकदा बंबासह बोलवावे आणि तो कोठे अडतो हे पाहावे. तो बहुधा कोणा वजनदार सभासदाच्याच दुकानापुढे अडेल, आणि खरी अडचण तेथून सुरू होईल, हेही आम्ही जाणून आहो.

पॅरडाइज पुन्हा उभे राहत आहे, पण सावकाश. २०२० च्या शिरगणतीत तेथे ४,७६४ माणसे मोजली गेली. पुनर्बांधणीच्या योजनेत आंधळे बोळ एकमेकांस जोडून बाहेर पडण्याच्या वाटा वाढविण्याचे काम घेण्यात आले, आणि २०२३ साली गावात धोक्याची सूचना देणारे भोंगे उंच खांबांवर बसविण्यात आले.